बन्सीधरानं दिलेली ओ

बिड्या विझवा अन् गुमान ऐका. मधी कुणी खिदळलं तर उठून जाईन मी. पोखर्णीचा बन्सीधर माझा जिवाभावाचा सोबती. त्याच्याच तोंडून ऐकलेलं सांगायलोय.

अठ्ठ्याहत्तर साल, दिव्याची अवस, शुक्रवार. नामांतराच्या दंगलीनं एसट्या बंद. बन्सी धाकट्या भावाला, सूर्यभानाला, गाडीत घालून परभणीच्या दवाखान्यात निघाला. पंधरवड्यामागं बैलानं सूर्यभानाच्या पोटात शिंग हाणलं होतं. वरून ओरखडाबी न्हाई. मग डोळे पिवळे झाले, तर घरच्या शहाण्यांनी कावीळ म्हणून मनगटावर डागलं! पोट रोज फुगायलं ते कुणी बघंना.

डॉक्टरनं पोटात सुई घातली. हिरवंपिवळं पाणी आलं.

"कावीळ कसली? मार लागून पित्ताची नळी आत फाटलीय. पित्त पोटात सांडतंय."

लगेच पोट उघडून धुतलं. उजव्या बरगडीखाली भोक पाडून रबरी नळी ठेवली, खाली बाटली बांधली. "थेंब पडतायत तोवर काळजी नाही. थांबले की हाक मारा. मी वरच राहतो."

गावात संचारबंदी. दंगलीच्या भेवानं चौकीदारानं बाहेरून कुलूप घातलं. लाईट गेली. खोलीत दोघं भाऊ अन् एक कंदील.

मध्यान्रातीला दाराबाहेरून हाक आली.

"सूर्या..."

मेलेल्या मायचा आवाज.

तुमाला ठाऊक हाय, रात्रीच्या एका हाकेला ओ द्यायची न्हाई. तीनदा आली तरच ती माणसाची. सूर्यभानानं तोंड उघडलं. बन्सीनं त्याच्या तोंडावर हात दाबला.

दुसरी हाक आलीच न्हाई.

बन्सीनं बाटलीकडं बघितलं... थेंब थांबलेले.

डॉक्टरला ओरडावं, तर ती ओ ठरंल. गप बसावं, तर भाऊ जाईल. दाराला कुलूप. सूर्यभानाचं पोट ताणायलं... दम अडकायला...

"बन्सी..."

ह्या बारीला त्याचं नाव.

काय करंल बिचारा? पाठचा भाऊ की रं!

"आलो, माय! सूर्याला सोड!" अन् त्याच दमात, "डॉक्टर! धावा!"

डॉक्टर कुलूप काढून आत आला. नळीत गुठळी अडकली होती. पिचकारीनं पाणी मारून मोकळी केली. थेंब सुरू झाले. सूर्यभान पुढं आपल्या पायानं घरी आला.

बन्सी मात्र पोळ्याच्या रात्री झोपला, तो उठलाच न्हाई. ना ताप, ना दुखणं. आंघोळ घालायला मी होतो, पोरांनो. ह्या हातांनी सदरा काढला.

उजव्या बरगडीखाली... बोटाएवढं भोक. रगत न्हाई, टाका न्हाई.

हिरवंपिवळं पाणी... थेंब थेंब...