कहूखालचा आगेवाला

लाइट गेली ते बरंच झालं. उजेडात ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते. मी यादोराव, तीस वर्षं खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी घेतलेला माणूस. आला तर आला, नाही आला तर नाही, एवढंच मला कळतं. पण टिकारामच्या बाबतीत मला आजपर्यंत ठरवता आलं नाही, की त्या रात्री मैदानावर एक माणूस होता की दोन. सरका जवळ. आणि त्या कोपऱ्यातल्या शहाण्यांनो, हसायचं असेल तर आताच हसून घ्या.

दिवस सांगतो. बारा डिसेंबर एकोणीसशे एक्याऐंशी, शनिवार. पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेली होती. संध्याकाळी सात वाजता टिकारामच्या बायकोने, तुळसाने, तांदळाची पेज जर्मनच्या डब्यात भरली, वरून फडकं बांधलं आणि म्हणाली, "इश्वरभाऊच्या घरी देऊन या. चार दिवस झाले, ताप उतरून नाही राहिला म्हणते निर्मलाबाई."

टिकारामने अंगावर घोंगडं घेतलं, डबा घेतला आणि निघाला. इश्वर म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. खाणीच्या ऑफिसात चपराशी, क्वार्टर मैदानाच्या पलीकडे. सडकेने गेलं तर अर्धा कोस, मैदानातून गेलं तर विडी संपायच्या आत. तो मैदानातूनच गेला.

मैदान म्हणजे गोल्फचं मैदान. तुमसरच्या पुढे, बपेऱ्याच्या वाटेवर. आता तिथे काही नाही, पण तेव्हा असं सुंदर होतं की काय सांगू! इंग्रज साहेबांनी खाणीबरोबरच बनवलेलं. नऊ भोकं. मधूनमधून मोहाची, तेंदूची झाडं ठेवलेली, आणि शेवटच्या भोकाच्या उजव्या अंगाने नाल्याच्या काठावर कहूची, म्हणजे अर्जुनाच्या झाडांची रांग. उंच, पांढऱ्या सालीची. आपल्याकडे बारमाही हिरवळ कुठून राहणार? म्हणून प्रत्येक भोकाभोवती वाळूत जळकं ऑइल कालवून गोल अंथरायचे. त्याला ब्राऊन म्हणत. साहेब लोक खेळायचे, आणि आमच्या गावची माणसं त्यांच्या काठ्यांच्या थैल्या खांद्यावर घेऊन मागे चालायची. एक माणूस मात्र पुढे राहायचा. तो आगेवाला. दोनशे पावलं पुढे झाडाखाली उभं राहायचं आणि चेंडू कुठे पडला ते बघायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याचा शब्द शेवटचा. आगेवाला म्हणाला दिसला नाही, तर मॅनेजर साहेबसुद्धा वाद घालत नसे.

टिकाराम आणि इश्वर दोघंही याच कामावर मोठे झाले. आणि टिकारामच्या हाताला असा गुण होता, की साहेबाची जुनी काठी उसनी घेऊन मारायचा तरी चेंडू रेघ ओढल्यासारखा जायचा.

वर्षातून एकदा, साहेबांचा कप झाला की दुसऱ्या दिवशी थैलीवाल्यांचा सामना व्हायचा. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत साहेबाने जाहीर केलं, या वर्षी जो जिंकेल तो मैदानाचा जमादार. कायमची नोकरी, क्वार्टर, आणि बायकापोरांना खाणीचा दवाखाना. टिकाराम ठेक्यावरचा माणूस. त्याची पोरगी बेबी तेव्हा दोन वर्षांची, सदा आजारी. त्याला त्या क्वार्टरचं काही नव्हतं, त्याला दवाखाना पाहिजे होता.

शेवटच्या भोकापर्यंत तो गोपीचंदपेक्षा एका फटक्याने पुढे होता. हा गोपीचंद खाणीच्या ऑफिसातल्या बड्या बाबूचा भाचा. शेवटचा मोठा फटका टिकारामने मारला, चेंडू थोडा उजवीकडे वळला आणि कहूच्या रांगेकडे गेला. काळजीचं काही नव्हतं. पुढे इश्वर उभा होता. आगेवाला खेळणाऱ्यानेच निवडायचा अशी आमच्याकडची रीत, आणि टिकाराम दुसऱ्या कोणाला निवडणार?

इश्वरने दोन्ही हात हलवले. दिसला नाही.

पाच मिनिटं शोधायची मुभा असते. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झालेला, नाल्याकाठची माती मऊ. टिकारामने गुडघ्यावर बसून पाचोळा उपसला, नाल्यात उतरला, बोटं रक्ताळली. इश्वर झाडाजवळ उभा राहून म्हणत होता, "मायच्यान टिकाराम, नाही दिसला गा. नाल्यात गेला असंल." पाच मिनिटं संपली. चेंडू हरवला की परत मागे जाऊन मारायचं आणि वर एक फटका दंड. टिकाराम एका फटक्याने हरला. गोपीचंद जमादार झाला. सहा महिन्यांनी इश्वरचंही नशीब उघडलं, ऑफिसात चपराशाची जागा मिळाली. त्या दिवशी टिकारामने स्वतः गावात बत्तासे वाटले.

बेबी शहात्तरच्या श्रावणात गेली. ताप डोक्यात चढला. खाणीची जीप कायम नोकरीवाल्यांसाठी, म्हणून बैलबंडीत घालून तुमसरला न्यायला निघाले, आणि अर्ध्या वाटेतच... चिखलातून बंडीबरोबर इश्वर चालत होता. टिकारामपेक्षा जास्त तोच रडला, असं बघणारे सांगत. नंतर टिकाराम मला एकदा म्हणाला होता, "यादोरावजी, माह्याच हातानं तो बॉल नाल्यात मारला. माह्याच हातानं पोरगी मारली." जवळजवळ आठ वर्षं हा माणूस स्वतःच्या हाताकडे असा बघत होता.

तर आता, त्या शनिवारी. चांद पूर्वेला झाडांच्या वर नुकताच आलेला. थंडी अशी, की टिकारामच्या तोंडातून वाफ निघत होती. डबा हाताला गरम लागत होता. शेवटचा ब्राऊन ओलांडून तो कहूच्या रांगेपाशी आला. तिसऱ्या झाडाखाली कोणीतरी उभं होतं.

"कोण आहे गा?"

"मीच."

आवाज ओळखीचा. टिकारामला आधी रागच आला.

"अबे इश्वर! ताप आहे ना तुले? इथं थंडीत काहून उभा आहेस? तुह्यासाठीच पेज घेऊन जाऊन राहिलो मी."

"टिकाराम... जरा इकडं ये."

टिकाराम जवळ गेला. इश्वर उघडा होता, कमरेला नुसतं धोतर. पाय अनवाणी. थंडीने कापतही नव्हता.

"चाल घरी."

"पाय उचलून नाही राहिला."

टिकारामला वाटलं, कोणी सशासाठी फास लावला असेल, त्यात अडकला. डबा खाली ठेवला, वाकला. उजवा पाय घोट्यापर्यंत जमिनीत होता. डिसेंबरची जमीन, वाळून मुरुमासारखी झालेली. आणि पाय आत. टिकारामने दोन्ही हातांनी घोटा धरून ओढला. झाडाचं मूळ ओढावं तसं. जरासुद्धा हलला नाही. आणि गार... नाल्यातल्या दगडासारखा गार.

"हे काय होय गा, इश्वर?"

टिकारामने वर पाहिलं. त्याच्या स्वतःच्या तोंडातून वाफ निघत होती. इश्वरच्या तोंडातून... नाही.

तो उठला. मागे सरकला. पण पळाला नाही. कारण इश्वर बोलायला लागला होता.

"बॉल इथंच आहे, टिकाराम."

"कोणता बॉल?"

"तुह्या हातचा. माह्या पायाखाली."

पोरांनो, इथे तुम्हाला एक गोष्ट सांगावी लागेल. अनवाणी पायाने चेंडू मऊ मातीत दाबायचा, अंगठ्याने वर पाचोळा ओढायचा, आणि साहेबाबरोबर आपणही मान घालून शोधत राहायचं, ही विद्या मैदानावरच्या प्रत्येक माणसाला येत होती. टिकारामने आणि इश्वरने मिळून किती साहेबांना असं रानभर फिरवलं असेल आणि नंतर पोट धरून हसले असतील! पण ते साहेबाशी करायचं. आपल्या माणसाशी कोणी करत नसे. कोणी करेल असं कोणाच्या मनातही येत नसे. म्हणून तर त्या दिवशी टिकारामने सगळा नाला धुंडाळला, सगळा पाचोळा उपसला, पण इश्वरला 'पाय उचल' म्हटलं नाही.

"तू पाच मिनिटं पाहत होतास... मी हललोच नाही. बड्या बाबूनं सांगतलं होतं. चपराशाची जागा देतो म्हणे."

टिकारामची नजर परत त्या पायावर गेली.

"एक बार म्हण, टिकाराम. सोडलं तुले, म्हण. मंग उचलतो पाय. तेवढंच पायजे."

रातकिडे बंद झाले होते. नाल्याचं पाणीही ऐकू येत नव्हतं.

"बेबीच्या टायमाले..." टिकारामचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "बंडीसंगं चालत होतास तू."

"हो."

"रडत होतास."

"हो."

"तवा बी सांगतलं नाही."

इश्वरने मान खाली घातली.

"मी बत्तासे वाटले, इश्वर. तुह्यासाठी."

"टिकाराम, म्हण ना गा... खाली ओढून राहिलं..."

समोर काय उभं आहे, हे टिकारामला तोवर कळलं होतं. मला त्याने स्वतः सांगितलं. भीती वाटत होती, म्हणाला, घामाने घोंगडं भिजलं होतं. पण भीतीच्या वर दुसरंच काही आलं होतं. जवळजवळ आठ वर्षं आपण आपल्या हाताला शिव्या दिल्या. आणि हा आपल्याच ओट्यावर बसून, आपल्याच घरचा चहा पिऊन म्हणायचा, जाऊ दे टिकाराम, नशिबात नव्हतं.

त्याने डबा उचलला.

"राह मंग इथंच," तो म्हणाला.

आणि चालू लागला. मागून हाक आली. मग दुसरी, बारीक. तिसरी हाक, तो म्हणतो, जमिनीतून आली.

त्याने वळून पाहिलं नाही.

सरळ इश्वरच्या क्वार्टरवर गेला. निर्मलाबाईला विचारायचं होतं, वहिनी, तुम्हालाही माहीत होतं का? पण दारात माणसं बसलेली. आत जमिनीवर इश्वर, डोक्याशी दिवा. सांजवातीच्या वेळीच गेला, म्हणाले. निर्मलाबाई टिकारामला बघून उठली.

"तुमचंच नाव घेत होते भाऊजी. टिकारामले बोलवा, काही सांगाचं आहे. मले वाटलं सकाळी बोलवू..." मग तिने विचारलं, "तुम्हाले माहीत आहे का, काय सांगाचं होतं?"

टिकाराम म्हणाला, "नाही."

पेजेचा डबा त्याने ओसरीवर ठेवला. अजून कोमट होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, टिकारामने इश्वरला खांदा दिला. मी होतो. चेहरा असा, की कोणी त्याच्याशी बोललं नाही. घाटावरून परतताना माझा हात धरून म्हणाला, "यादोरावजी, जरा संगं या." आम्ही कहूच्या रांगेपाशी गेलो. तिसऱ्या झाडाखाली कोरड्या ठणठणीत जमिनीत एक पाऊल उमटलं होतं. उजवं. पाचही बोटं आत वळलेली, काही दाबून धरावं तशी. बोटभर खोल. येणारं पाऊल नाही, जाणारं नाही. तेवढं एकच.

तिथेच उभं राहून त्याने मला सगळं सांगितलं. मग दोघांनी सब्बल आणून ढोपरभर खणलं. चेंडू नाही, काही नाही. माती लोटून, चोपून आम्ही घरी आलो. सोमवारी सकाळी पाऊल होतं तिथेच होतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, म्हणून टाकायचं होतं एकदा. मीही तेच म्हणालो. तो दर शनिवारी जायचा, त्या झाडाखाली उभा राहून मोठ्याने म्हणायचा, "सोडलं तुले, इश्वर." मी कानांनी ऐकलं आहे. एकदा परत येताना त्याला विचारलं, आता तरी मन हलकं झालं का? मग म्हणाला, "तोंडानं म्हणतो गा, यादोरावजी. पोटातून निघून नाही राहिलं."

मी त्याला दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका. ज्याची बंडी अर्ध्या वाटेत थांबली, त्याने ठरवायचं.

शहाऐंशीत साहेबांनी क्लब बंद केला. ब्राऊनवर तरोटा उगवला. टिकाराम गेल्या वर्षी, अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीआधी गेला. त्याच्या तेराव्याला गेलो होतो, तेव्हा उठून एकटाच मैदानावर गेलो. रान माजलेलं. तिसऱ्या कहूखाली मात्र गवताची काडी नव्हती. पाऊल होतं. सात वर्षांचे पावसाळे होऊनही बोटांच्या कडा अगदी स्वच्छ. तळ दिसेना, म्हणून मी बसलो, बाही वर केली आणि आत हात घातला...

खांद्यापर्यंत गेला. तरी तळ लागला नाही.