जिन्यावरचं गेट

घरात पोर चालायला लागलं की लोक माझ्याकडे गेट करून घ्यायला येतात. जिन्याचं, गच्चीचं, स्वयंपाकघराचं. कुलपाची बनावट माझी स्वतःची. एका हाताच्या अंगठ्यानं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं दांडी वर उचलायची. पहिल्या दिवशी मोठ्यांचीही तारांबळ उडते, मग दोन वर्षांच्या पोराची काय बिशाद!

तसलंच गेट मी बहिणीच्या घरी जिन्याच्या वरच्या तोंडाशी बसवलं. तिची चिमी नुकती पळायला लागली होती. जिना चांगलाच उभा, खाली कडक फरशी. बहिणीचा जीव नुसता टांगणीला लागलेला.

आठवडाभरातच तिचा फोन आला. "दादा, गेट उघडं होतं रे. चिमी पायरीवर जाऊन बसलेली."

"लावायला विसरली असशील. तुझं लक्ष कुठे असतं!"

"लावलं होतं मी. शपथ."

माझ्या कामाला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. तणतणतच गेलो. जास्त कडक स्प्रिंग घातली, गेट लावलं, चिमीला गेटपाशी सोडलं आणि समोर स्टूल टाकून बसलो. भरदुपारची वेळ, जिन्यावर लख्ख ऊन. बहीण खाली कपडे वाळत घालत होती.

चिमीनं कुलपाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गज धरून ती खाली बघत राहिली. मग तिची नजर एकेक पायरी वर सरकायला लागली, कुणी चढून येत असलं की आपली सरकते तशी.

"ये ना," ती म्हणाली.

बटण आत गेलं. माझ्या डोळ्यांदेखत. मग दांडी उचलली गेली आणि गेट सावकाश आमच्या बाजूला उघडलं.

चिमी जरा बाजूला सरकली. मला वाटलं, घाबरली.

माझ्या डोक्यात एकच, हे जे काही आहे ते हिला खाली नेणार. मी गेट धाडकन लावलं आणि ड्रिल मशीननं गेटमधून थेट चौकटीत स्क्रू मारले. मुलांच्या कामात मी असे स्क्रू वापरतो, जे आत जातात पण उलटे फिरवून निघत नाहीत. मोठ्यांनी खुशाल टांग टाकून जावं.

"आता बघू कोण उघडतंय!" मी ओरडलो.

आवाज ऐकून बहीण धावत वर आली आणि गेटच्या पलीकडे थांबली. "काय झालं रे?"

"काही नाही. आता नाही पडायची ती."

चिमी टाळ्या पिटत होती. "मामा, दार बंद! आता हा नाही जाणार."

मी वळून खोलीकडे पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं.

"दे तिला इकडे," बहीण म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "दादा, दे ना लवकर!"

मी चिमीच्या काखेत हात घातले. तिनंही आईकडे हात पसरले.

एवढीशी पोर, पण मला उचलवेना.

मी खाली पाहिलं. तिचा फ्रॉक कमरेपाशी दोन्ही बाजूंनी घट्ट आवळला गेला होता, आणि कापडावर बोटाबोटाएवढ्या चुण्या पडल्या होत्या.