रकान्यातल्या खुणा

वॉर्डातल्या रजिस्टरांचा गठ्ठा छातीशी धरून ती रेकॉर्ड रूमच्या दारातून वळली आणि थेट त्याच्यावर आदळली. रजिस्टरं जमिनीवर, त्याचा चष्मा कपाटाखाली.

"सिस्टर, हीच रजिस्टरं हवी होती मला!" तो चाचपडत म्हणाला. "तुमच्याकडे पेशंटना रोज पोट साफ झालं का, विचारता ना?"

"अहो डॉक्टर, पहिल्याच भेटीत हे काय विचारणं!" तिला हसू आवरेना.

मनोरुग्णांचे भास थांबवणाऱ्या एका औषधाने आतडी मंदावतात, कधी आतल्या आत सडतात आणि माणूस दगावतो... त्याचं संशोधन यावरच होतं. समोर अशा अकरा मेलेल्यांच्या फायली. ती जेवणाच्या सुट्टीत मदतीला येऊ लागली. तो आकडे वाचायचा, ती उतरवून घ्यायची. पेन देता-घेता बोटं लागायची, आणि ती सोडवायची घाई दोघांनाही नसायची. प्रेमाला काळवेळ नसते म्हणतात, पण जागा तरी बरी बघावी!

"हे बघा," एका दुपारी तो म्हणाला, "अकरांतले हे म्हातारे मास्तर. शेवटच्या दिवसापर्यंत शौचाच्या रकान्यात बरोबरची खूण. म्हणजे आतडं फाटेपर्यंत काही लक्षणच नव्हतं. तसंच लिहितो."

त्या खुणा तिच्या होत्या. चाळीस खाटा, दोन नर्स. तो रकाना सकाळी टेबलाशी बसूनच एका दमात भरायचा, हीच वॉर्डाची रीत. "पोरी, पोट दगडासारखं झालंय गं," मास्तर दोनदा म्हणाले होते. "पाणी प्या," म्हणून ती पुढच्या खाटेकडे गेली होती.

गप्प राहिली तर नोकरी वाचणार होती. त्याची ती नजरही. पण मग 'लक्षणच नव्हतं' हे वाचून उद्या दुसरी कुणी नर्स निर्धास्त राहिली असती.

"खोट्या आहेत त्या," ती म्हणाली. "मी... न विचारताच केल्यात."

त्याने रजिस्टर मिटलं.

"नोकरी जाईल तुमची."

"माहीत आहे."

"आज मी तुम्हाला लग्नाचं विचारणार होतो, आणि आता हे लिहावं लागणार."

"आधी लिहा," ती रडत म्हणाली. "नाही लिहिलंत, तर माझं उत्तर 'नाही' असेल."

त्याने कागद पुढे ओढला. मास्तरांचे शब्द ती एकेक करून सांगत गेली, तो लिहीत गेला.