परत म्हटलेला आकडा

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडा. पण मानसीसमोर "भास झाला असेल" असं म्हणू नका. ती माझी सख्खी मावसबहीण आहे आणि गोष्टी रचणाऱ्यांतली मुळीच नाही.

आणि भुताला रात्रच लागते असं कुणी सांगितलं?

हे घडलं भर दुपारी. फेब्रुवारीतला शनिवार होता. घाटकोपरचं एक कॉलेज, नाव सांगणार नाही.

मानसी तिथे केमिकल फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. "केमिकल की फिजिक्स? एक काय ते सांग," असं मावशी तीन वर्षं विचारत होती. वर्गात अकरा जण. पहिली रेवती, दुसरी मानसी.

कायम.

रेवती मुलुंडची, आईवडील दोघंही डॉक्टर. मानसी दिंडोशीची. आजोबा गिरणीत होते, बाबा कुरिअरच्या ऑफिसात. रेवती खडूस असती तर बरं झालं असतं. पण ती चांगली होती. मागितल्याशिवाय नोट्स द्यायची, डब्यातलं अर्धं पुढे करायची. मानसीला तेच जास्त झोंबायचं.

त्या वर्षी एका मोठ्या संस्थेत दोन महिने काम करायची संधी आली. कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. देवव्रत सर म्हणाले, "शेवटच्या प्रॅक्टिकलची वही बघून नाव देईन."

प्रयोग साखरेचा होता. साखरेच्या पाण्यात ॲसिड घातलं की साखर हळूहळू फुटते. ते पाणी लांब काचेच्या नळीत भरून पिवळ्या दिव्यापुढे ठेवायचं, भिंगातून बघायचं आणि दर पाच मिनिटांनी कोन वाचायचा. हे सगळं डार्क रूममध्ये. म्हणजे लॅबच्या कोपऱ्यातली कपाटाएवढी खोली, दाराला काळा पडदा.

सरांचा नियम कडक होता. आपला आकडा आपण लिहायचा नाही. जिचा प्रयोग, तिने आत बसून वाचायचं. जोडीदारणीने बाहेर टेबलावर तो तिच्या वहीत लिहायचा, आणि लिहिण्याआधी मोठ्याने परत म्हणायचा. वहीत स्वतःचं अक्षर दिसलं तर प्रॅक्टिकल रद्द.

आधी रेवती आत गेली.

"नऊ पॉइंट दोन," तिसऱ्या वेळी आतून आवाज आला.

"नऊ पॉइंट दोन," मानसी म्हणाली.

आणि वहीत लिहिलं... नऊ पॉइंट सहा.

प्रत्येक आकडा बदलला नाही तिने. तिसरा, पाचवा आणि आठवा. कुठे थोडं वर, कुठे थोडं खाली. आलेख सरळ येऊ नये, एवढंच. "वाईट वाटलं नाही गं मला," तिने मला नंतर सांगितलं. "उलट बरं वाटलं."

मागे सिंकपाशी सोनूबाई काचेची भांडी धूत होत्या. बावीस वर्षं त्याच लॅबमध्ये काढलेली बाई. सगळं बघत होत्या. हात पुसत जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तोंडान एक नि हातान दुसरा करू नको गो. हयसर ता चालना नाय."

इथे ते चालत नाही, हे मानसीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सोनूबाई घरी गेल्या.

मग मानसीची पाळी.

आत गुदमरायला होत होतं. पिवळा दिवा, भिंग, आणि बाकी सगळा काळोख.

पहिला आकडा. रेवतीने बाहेरून परत म्हटला. दुसराही.

तिसऱ्याला मानसी म्हणाली, "नऊ पॉइंट चार."



बाहेरून आवाज आला, "नऊ पॉइंट आठ."

"चार गं, चार! लक्ष कुठंय तुझं?"

बाहेरून फक्त पेनाची करकर.

चौथा बरोबर आला. पाचवा पुन्हा चुकला.  रेवतीला कळलं की काय? मुद्दाम चिडवतेय का? पण मानसी विचारणार कुठल्या तोंडाने?

सहावा. सातवा.

आता पेनाची करकर टेबलावरून येत नव्हती. ती पडद्याच्या अलीकडून, आतूनच येत होती.

आठवा आकडा मानसीने जेमतेम पुटपुटला.

कानाशी कुणीतरी तो परत म्हटला. चुकवून.

आणि तो आवाज... तिचा स्वतःचा होता.

पडदा ओढून ती बाहेर पळाली. लॅबमध्ये भकभकीत ऊन होतं. खुर्ची रिकामी. वही उघडी.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून रेवती आली, हातात चहाचे दोन ग्लास घेऊन. "सॉरी यार, आईचा फोन होता. इथे रेंज नाही ना, म्हणून खाली गेले. तुला सांगून गेले होते की, थांब म्हणून."

"कधी?"

"दुसरं रीडिंग झाल्यावर. तू आतून 'बरं' म्हणालीस."

मानसी काही म्हणाली नव्हती.

तिने वही बघितली. पहिले दोन आकडे रेवतीच्या तिरक्या अक्षरात होते. पुढचे सगळे मानसीच्या अक्षरात. तिसरा, पाचवा आणि आठवा चुकीचे, अगदी तेवढ्याच फरकाने.

सोमवारी सरांनी दोन्ही वह्या समोर ठेवल्या.

"मानसी, हे अक्षर कुणाचं?"

"माझं. पण सर, मी आत होते..."

"मग लिहिलं कुणी?"

 खरं सांगायचं तर सुरुवात स्वतःच्या पापापासून करावी लागली असती.

"रेवती, तुझी रीडिंग्ज वाईट आहेत," सर म्हणाले. "पण नियमात आहेत."

नाव रेवतीचं गेलं.

त्याला आता वर्ष झालं. मानसी रिक्षावाल्याला ओटीपी सांगायची तेव्हा शेजारच्या रिकाम्या सीटवरून कुणीतरी तो परत म्हणायचं. एक आकडा चुकवून, तिच्याच आवाजात. हल्ली ती आकडे बोलतच नाही, मोबाइलवर टाइप करून दाखवते.

मी तिला कितीदा म्हटलं, रेवतीला सगळं सांगून टाक, मोकळी हो.

"सगळं तिलाच मिळालंय," ती म्हणते. "आता माझी लाजही तिलाच देऊ?"

गेल्या रविवारी मी बोरिवलीहून फोन केला. म्हटलं, "तिचा नंबर दे. तुझ्याऐवजी मी सांगते."  तिने हळूहळू एकेक आकडा सांगितला. मी लिहून घेतला.

आणि मग फोनवर तोच नंबर परत ऐकू आला. तोच आवाज. फक्त शेवटचा आकडा वेगळा.

"परत का सांगितलास?" मी विचारलं.

पलीकडे मानसी रडायला लागली. "तुलाही ऐकू आलं?"

तो कागद आत्ता माझ्यासमोर आहे. मी नंबर एकदाच लिहिला होता, शपथ घेऊन सांगते. पण कागदावर दोन नंबर आहेत. खालचं अक्षर मानसीचं आहे.

रेवतीला मी अजून फोन केलेला नाही. त्या रविवारी फोनवर पहिल्यांदा बोलली ती मानसी होती की दुसऱ्यांदा, तेच मला नक्की सांगता येत नाही.