‘लोनली’समोरचा रकाना

“‘हंग्री’ ही भावना कशी असेल?” संपादिकेने लाल पेन टेबलावर आपटलं.

“भुकेला माणूस चिडतो की नाही?” भाषांतरकार शांतपणे म्हणाला.

“मग चिडणं ही भावना. भूक पोटात असते.”

“तुमची असेल.”

शब्दकोशासाठी इंग्रजीतले तीनशे शब्द, आणि प्रत्येकासमोर लिहायचं: भावना आहे, हो की नाही. दोघांचं एकमत झाल्याशिवाय शब्द पुढे सरकायचा नाही. तिचं डोकं उठलं होतं. त्याला ‘स्लीपी’सुद्धा भावना वाटायची, आणि वर तो हसायचा... ते हसू आपल्याला आवडतं, याचा तर तिला जास्तच वैताग यायचा.

‘लोनली’पाशी गाडी पुन्हा अडली.

“एकटं असणं ही परिस्थिती आहे,” ती म्हणाली. “घरात दुसरं कोणी नाही, एवढंच. ‘नाही’ लिहा.”

“नाही लिहिणार.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा.

“लवकर येशील का गं? आज करमत नाहीये.”

“टीव्ही लावा ना, बाबा. कामात आहे मी.”

“मी ‘नाही’ लिहिणार नाही म्हणजे नाही!” भाषांतरकाराचं मागे चालूच होतं.

“बरं... मागे कोण भांडतंय?”

“आहेत एक.”

“भांडू दे. आवाज चांगला आहे.”

बाबा फोनवर नेहमी मोठ्याने बोलत. भाषांतरकाराचे कान लाल झाले.

ती घरी पोचली तेव्हा बाबा झोपले होते. सकाळी ते उठलेच नाहीत.

तीन आठवड्यांनी ती कामावर आली, तर यादी तिच्या टेबलावर. ‘हंग्री’ — नाही. ‘स्लीपी’ — नाही. सगळीकडे तिचंच म्हणणं त्याने मान्य करून टाकलेलं. तिला रागच आला.

“हे काय? एवढ्यात शरण?”

“एकट्याने भांडायचा कंटाळा आला,” तो म्हणाला. “एक मात्र ठेवलाय.”

‘लोनली’समोरचा रकाना कोरा होता.

तिने लाल पेन उघडलं आणि ‘हो’ लिहिलं.

“बाबांनी सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. “चांगलं स्वच्छ मराठीत. मी टीव्ही लावायला सांगितलं.”

तो खुर्ची जवळ ओढून बसला.

“घरी बाबांशिवाय करमत नव्हतं,” ती कागदाकडे बघत म्हणाली. “ते समजण्यासारखं आहे. पण...” तिने वैतागून मान वर केली. “तुमच्याशिवायही करमत नव्हतं. आता ही भावना की परिस्थिती, ते तुम्ही ठरवा. मी वाद घालणार नाही.”