दुर्बिणीच्या पार्सलातला जांभा

भागोजी पोस्टमन सायकल भिंतीला टेकवून आत आला आणि टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"सोमवारी चौकशी आहे, नीरजाताई. सव्वीस वर्षांत एक पाकीट इकडचं तिकडे केलं नाही. आता चोर ठरतोय."

नीरजा बापट रत्नागिरीत खासगी तपासाची कामं करायची. तिचे मदतनीस हरिहर, निवृत्त मास्तर, वही काढून बसले.

हकीकत अशी. आंबा बागायतदार देवदत्त लिमये यांच्या बारा वर्षांच्या वैदेहीने कॉमिकमधलं कूपन भरून दिल्लीहून दुर्बीण मागवली. बुधवारी दुपारी भागोजीने पिशवीतून कापडात शिवलेलं पार्सल आणि एक लग्नपत्रिका काढून तिच्या आईला दिली. संध्याकाळी पोरीने पार्सल उघडलं, तर आत जांभ्या दगडाचा तुकडा.

"दिल्लीवाल्यांचीच लबाडी," हरिहर म्हणाले. "कॉमिकातल्या जाहिराती त्या."

लिमयांच्या घरी पोचल्यावर कळलं, वैदेहीला ते मान्य नव्हतं. "बाबाही तेच म्हणतात. पण दिल्लीत जांभा कुठला? इथेच कोणीतरी बदललंय. मी पोस्टात केलेला तक्रारीचा अर्ज मागे घेणार नाही."

नीरजाने पार्सल पाहिलं. कापड मधोमध कापलेलं, त्यामुळे शिवणी शाबूत. तीन बाजूंना सरळ टाके, चौथीला मध्ये मध्ये गाठी. दगडाची तांबडी भुकटी कापडातून बाहेर झिरपलेली. बोट लावलं की बोट लाल.

आई कमलाताईंनी पार्सल कपाटात ठेवून बाजार गाठला होता. त्यांनी लग्नपत्रिका दाखवली. कोपऱ्याला हळदीचं बोट, बाकी पांढरीशुभ्र. कपाटातला कागद मात्र तांबूस. थोरला शार्दूल दापोलीच्या कॉलेजात, तो शनिवारी आलेला.

देवदत्त अंगणात आंब्याच्या करंड्यांवर गोणपाट शिवत होते. बुधवारीही हेच करत होतो, म्हणाले. हरिहरांनी पेटीचा भाव विचारला. नीरजा त्यांच्या हाताकडे बघत होती. दाभण चार टाके घाली, थांबे, गाठ पडे, पुन्हा चाले.

नीरजाने भागोजीसकट सगळ्यांना पडवीत बोलावलं.

"जांभा इथला, हे वैदेहीने आधीच ओळखलं. दगड भागोजीच्या पिशवीत आला असता, तर शेजारची पत्रिका लाल झाली असती. ती पांढरी राहिली, लाल झालं ते कपाट. म्हणजे दगड पार्सलात शिरला तो या घरात. शार्दूल दापोलीला, वैदेही शाळेत, कमलाताई बाजारात. आणि शिवणीत दर चार टाक्यांना गाठ. ती करंडीची गाठ आहे, देवदत्तराव."

 देवदत्त म्हणाले, पोरीला एकदा ठेच लागली की कूपनं थांबतील, असं वाटलं.

"आणि भागोजी?" नीरजाने विचारलं.

 देवदत्त माळ्यावरून दुर्बीण घेऊन आले. वैदेहीने डोळ्याला लावली. समोरचा माडसुद्धा धड दिसेना.

"पाहिलंस? भंगार."

"असेल. पण ते मला बघायचं होतं, बाबा. तुम्ही दगड दाखवलात."

तिने त्यांच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. भागोजीकाकांचा दोष नाही, दगड मी घातला, एवढं लिहा म्हणाली. सही होईपर्यंत ती हलली नाही.

मग तो कागद भागोजीला दिला, आणि त्याच्यावर एक भरलेलं कूपनही.

"पार्सल आलं की माझ्याच हातात द्यायचं, काका."

"शाळेत असलीस तर?"

"शाळेत आणून द्या."

 भागोजीने दोन्ही कागद खिशात ठेवले, टोपी डोक्यावर चढवली.

"पोचल्याची सही घेईन गो, बाय. तुझीच."