हातानं दिलेलं पाणी

सकाळी येसाजी पळसदरीच्या वरल्या वाडीतून पोशा भगताला घेऊन आला, तेव्हा त्याची बायको आवडी ओटीवर तांदूळ पाखडत बसली होती. सातवा महिना लागला होता. भगताला पाहून ती उठायला गेली, तर तो म्हणाला, "बस गं बाय. तुझ्याच सुपातलं दानं घेतो."

आता, त्या गावाची एक रीत होती बरं का. करणी, मूठ, भुताळी हे शब्द कोणी तोंडातून काढत नसे. म्हणायचंच झालं तर 'बाहेरचं' म्हणायचं, तेही दबक्या आवाजात. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. पण भगताला कसली आलीय भीती! त्यानं दाणे भुईवर टाकले, बोटानं जोड्या लावल्या आणि बोलून मोकळा झाला.

"मूठ नाय ही. मूठ लांबून येते नि एकदाच मारते. करनी बी नाय, घरात काय पुरलेलं दिसत नाय. ह्यो चेडा हाय."

आवडीची सासू अंबाबाई दारातून पुढं सरकली.

"कुनीतरी पाळलाय," भगत म्हणाला. "कोंबडं देतात, दारू देतात, पूजा करतात त्याची. मग तो धन्यासाठी फिरतो. पर त्याची एक खोड हाय. तो मागतो. हातानं दिल्याबिगर घेत नाय. नि एकदा का घेतलं, की त्या घरातलं जे आवडंल ते उचलतो."

आवडीचा हात आपोआप पोटावर गेला. तिची आधीची दोन्ही बाळं मेलेलीच जन्मली होती. हे तिसरं जगलं नाही तर आपणही जगायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

भगतानं दहीभात, लिंबू आणि काळ्या फडक्याची बाहुली तिच्यावरून उतरवली आणि येसाजीच्या हाती दिली. "तिठ्यावर ठेव. मागं बघू नको. आन आज दिस बुडंपर्यंत जो पैला दारात येऊन काय मागंल, चुलीतला इस्तू म्हना, मीठ म्हना, पानी म्हना, त्याच्याकडंच चेडा हाय असं समजा. द्यायचं काय नाय!"

येसाजी उतारा ठेवून परस्पर खळ्यावर गेला, पेंढा आणायला. घरात दोघी बायका राहिल्या.

दिवस काही सरेना. तिठ्यावर उतारा पाहिल्यावर कोण कशाला मरायला येतंय दारात! रोज ताकाला येणारी शेजारीणसुद्धा फिरकली नाही. अंबाबाईनं लगेच तिचं नाव मनात टिपलं. समोरच्या धाऊनं दार लोटून घेतलं, तर अंबाबाई म्हणे, "बघ, बघ, कसा तोंड लपवतोय!" आवडीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तिलाही जो तो तसाच दिसायला लागला होता.

उन्हं कलल्यावर ठाकूरवाडीची चिंधी कुंपणाशी आली. हीच सुईण. दोन्ही मेलेली बाळं हिच्याच हातात आली होती. अंबाबाई हळूच आवडीला म्हणाली, "आली गं आली! आता मागंल."

चिंधी कुंपणाबाहेरच उभी राहिली. तिनं आवडीच्या पोटाकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग काही न बोलता चालती झाली.

"हिचंच काम!" अंबाबाई फणकारली.

"अवो आत्याबाई, तिनं कुटं काय मागितलं?"

"म्हनूनच तर! मागायचं नाय हे कसं कळलं तिला?" आणि तणतणत ती मागल्या दारी गोवऱ्या आणायला गेली.

तिकडं मोठी लढाई चालू असल्यामुळे रॉकेल मिळत नव्हतं. आवडी करंजाच्या तेलाचा दिवा लावत होती. घरात त्याचा कडवट वास पसरला. सूर्य डोंगराआड टेकला होता, अजून बुडाला नव्हता.

"आवडे, पानी दे गं."

उंबऱ्याबाहेर येसाजी उभा होता. अंगावर पेंढ्याचा भुसा, कपाळावर घाम. आवडीच्या जिवात जीव आला. तिनं तांब्या उचलला, रांजणात बुडवला... आणि हात तिथंच थबकला. रांजण तर दाराला लागून होता. येसाजी रोज स्वतःच्या हातानं घेऊन घटाघटा प्यायचा. आजच का मागावं?

"या की आत," ती म्हणाली. "घ्या हातानं."

"तू दे."

"भगतानं सांगितलंय..."

"मी परका हाय का?"

आवाज त्याचाच. लाडीगोडीसुद्धा त्याचीच. पण तो उंबऱ्यावर पाय ठेवत नव्हता. आवडीनं तांब्या छातीशी घट्ट धरला.

"नाय द्यायची," ती म्हणाली.

तो हसला. "मागल्या दोनी बारीला दिलंस की गं..."

आवडीला आठवलं. दिलं होतं. दोन्ही वेळा, दिवेलागणीला, याच उंबऱ्यावरून. नवऱ्याला पाणी दिलं, यात लक्षात ठेवण्यासारखं काय असतं?

तेवढ्यात मागल्या अंगाला बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला आणि येसाजी ओरडला, "आये, जू सोडायला हात लाव गं जरा!"

आवडीनं पुन्हा दाराकडे पाहिलं. अंगण मोकळं होतं.

तिनं रडत रडत सगळं सांगितलं. येसाजी चिडला. "मी कशाला मागू? रांजन काय कुलपात हाय?" अंबाबाईला मात्र मागल्या दारी एकट्या सुनेचाच आवाज ऐकू आला होता. त्या दिवसापासून ती सुनेकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघू लागली.

पण पोर जगलं! चैत्रात चिंधीच्याच हातानं आवडी बाळंत झाली. मुलगा, चांगला गुटगुटीत. नाव नामा ठेवलं. आवडीनं त्यानंतर नवऱ्याला कधी आपल्या हातानं पाणी दिलं नाही. उंबऱ्याबाहेरच्या कोणालाच दिलं नाही. गाव तिला कंजूष म्हणायचं. म्हणेना का!

पुढल्या सालचा पौष असेल. येसाजी आईला घेऊन भिवपुरीला लग्नाला गेला होता. आवडी चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. नामा भिंतीला धरून उभा राहायला लागला होता, मघापासून तिथंच कुठंतरी खेळत होता. दिवेलागण झाली.

"आये... पानी."

आवडी वळली. नामा उंबऱ्याबाहेर बसला होता, दोन्ही हात पुढे करून. 'अगं बाई, बाहेर कधी गेलं हे!' म्हणत ती उठली, फुलपात्र भरलं आणि त्याच्या ओठांना लावलं. पोर घटाघटा प्यालं. तिनं मायेनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

नामाला अजून एक अक्षरसुद्धा बोलता येत नव्हतं.